बाबा म्हणतात "आम्ही फक्त तारा जोडल्या" – सिग्नल्सच्या इतिहासाबद्दल माहितगारांनी लिहावं

दिघीची_लेक

नमस्कार मंडळी. वाचक म्हणून बरीच वर्षं इथे आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

माझे वडील आर्मीत सिग्नल्सला (म्हणजे निरोप पोचवणारं दळणवळणाचं दल) लाइनमन होते. १९६६ ला भरती, जबलपूरला ट्रेनिंग, मग निम्मा देश फिरून नायब सुभेदार म्हणून पेन्शनवर आले आणि दिघीत घर बांधलं. आता ७८ वर्षांचे आहेत, कानाने कमी ऐकू येतं, बाकी तब्येत छान आहे. गेल्या महिन्यात माझ्या मुलीने (सहावीत आहे) त्यांना विचारलं की आजोबा तुम्ही एकाहत्तरच्या लढाईत होतात ना, मग तुम्ही काय केलं? तर बाबा म्हणाले, "आम्ही काय बाळा, तारा जोडल्या." आणि पेपर वाचायला लागले. तिचा चेहरा एवढासा झाला आणि मला फार वाईट वाटलं, कारण लहानपणी मीही हाच प्रश्न विचारला होता आणि मलाही हेच उत्तर मिळालं होतं आणि मी कधी पुढे विचारलंच नाही.

नंतर दोघी मिळून त्यांची काळी पत्र्याची ट्रंक उघडली. आत एक जुनी पक्कड, दांड्यांना चिकटपट्टी गुंडाळून गुंडाळून जाड झालेली. एक बॅज, त्यावर एका पायावर उभा असलेला पळणारा माणूस, टाचांना पंख. आणि वीतभर काळी केबल, तिच्या मधोमध गाठ मारून वर टेप लावलेला. एवढा तुकडा कोण कशाला पन्नास वर्षं जपून ठेवेल?

मला विचारायचंय ते असं. सिग्नल्स हे दल स्वातंत्र्यानंतर सुरू झालं ना? तो बॅजवरचा माणूस कोण? आणि वायरलेस असताना तारा कशाला लागायच्या? पुण्यात इतके माजी सैनिक आहेत, कुणीतरी सांगेलच. बाबांना विचारलं की ते हात झटकतात.

निवृत्त_ऑपरेटर

ताई, आधी तुमच्या वडिलांना माझा जयहिंद सांगा. मीही सिग्नल्सचाच, रेडिओ ऑपरेटर होतो, आता विश्रांतवाडीला असतो, म्हणजे तुमच्या शेजारीच म्हणायचं.

स्वातंत्र्यानंतर नाही, त्याच्या खूप आधी. १५ फेब्रुवारी १९११. लेफ्टनंट कर्नल एस. एच. पॉवेल म्हणून अधिकारी होते, त्यांच्या हाताखाली फतेहगडला पहिल्या दोन कंपन्या उभ्या राहिल्या, ३१ आणि ३२ डिव्हिजनल सिग्नल कंपनी. म्हणूनच १५ फेब्रुवारी हा आमचा कोअर डे, त्या दिवशी तुमच्या बाबांना फोन करून शुभेच्छा द्या आणि चेहरा बघा. आणि बघा, इंग्लंडमध्ये रॉयल सिग्नल्स हे वेगळं दल १९२० ला झालं. आपल्याकडच्या कंपन्या त्याच्या नऊ वर्षं आधीच्या.

बॅजवरचा माणूस म्हणजे मर्क्युरी, रोमन लोकांचा देवांचा निरोप्या. आम्ही सगळे त्याला जिमी म्हणतो, अगदी शिपायापासून जनरलपर्यंत, "जिमीचा मान ठेव" असं आम्हाला उस्ताद सांगायचे. ब्रीदवाक्य तीव्र चौकस. तीव्र म्हणजे निरोप वेगाने गेला पाहिजे आणि चौकस म्हणजे दुसऱ्या कुणाच्या हाती लागता कामा नये. या दोन गोष्टींचं एकमेकींशी कायम भांडण असतं, घाई केली की गुप्तता जाते आणि गुप्तता पाळायची तर सायफर करण्यात, म्हणजे निरोप सांकेतिक भाषेत बदलण्यात, वेळ जातो. आमची सगळी नोकरी त्या भांडणात गेली.

तारांच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, आज नातवाला क्लासला सोडायचंय.

खडकीचा_सॅपर

आमचं पण नाव येऊ द्या यात. १९११ च्या आधी हे सगळं काम सॅपर्स आणि मायनर्सकडे, म्हणजे लष्कराच्या इंजिनिअर दलाकडे होतं, पॉवेलसाहेबही सॅपरच. तेव्हाचं मोठं हत्यार म्हणजे हेलिओग्राफ. तिपाईवर बसवलेला गोल आरसा, सूर्याची तिरीप पकडायची आणि चावी दाबून आरसा किंचित हलवायचा, की लांबच्या डोंगरावरच्या माणसाला चमक दिसते, लांब-आखूड, लांब-आखूड, मोर्समध्ये. हेन्री मान्स नावाच्या तारखात्यातल्या माणसाने १८६९ मध्ये कराचीत असताना हे बनवलं. हवा स्वच्छ असेल तर पन्नासेक किलोमीटरपर्यंत निरोप जायचा, ना तार ना बॅटरी, आणि चमक फक्त समोरच्या रेषेतच दिसते म्हणून बाजूच्या शत्रूला पत्ता लागत नाही. १८७८ ते ८० च्या अफगाण लढाईत हे भरपूर वापरलं. ढग आले की मात्र सगळं बंद.

सिंहगडावर उभं राहून पुण्याकडे बघताना मला नेहमी वाटतं की इथून खडकीला आरसा दिसला असता.

इतिहासवेडा_शनिवार

ताई, तुम्ही पुण्यातून हा धागा काढलात हे फार योग्य झालं, कारण या कोअरच्या इतिहासातला सगळ्यात काळा अध्याय आपल्या गावाच्या नावावर आहे.

आधी एक आठवण. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांना बातमी कळली ती सावकारी पत्रातून, दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा गेल्या आणि रुपये-खुर्दा किती गेला याची गणतीच नाही. दोन मोत्ये म्हणजे विश्वासराव आणि भाऊसाहेब. हे मराठी माणसाला शाळेपासून पाठ असतं पण आपण त्याकडे सिग्नल म्हणून बघत नाही. तो सायफरच होता की. लाखभर माणसांचं काय झालं हे कळायला एका सावकाराच्या जासुदावर अवलंबून राहावं लागलं, लष्कराची स्वतःची दळणवळणाची साखळी मोडून पडली होती.

आता पुण्याचं. पहिल्या महायुद्धात ६ वी (पूना) डिव्हिजन मेसोपोटेमियाला गेली, म्हणजे आजचा इराक. नोव्हेंबर १९१४ मध्ये बसऱ्याकडे उतरली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या आपल्या मराठा पलटणी होत्या, खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या १७ आणि २२ नंबरच्या कंपन्या होत्या, आणि ३४ डिव्हिजनल सिग्नल कंपनी होती, जिचं वय तेव्हा तीन-चार वर्षांचं. बगदादच्या अगदी जवळ जाऊन डिव्हिजनला माघार घ्यावी लागली आणि ७ डिसेंबर १९१५ पासून कुत-अल-अमारा या तैग्रिस नदीच्या वळणातल्या गावात ती अडकली. तिन्ही बाजूंनी नदी, चौथ्या बाजूला तुर्की खंदक.

जवळजवळ पाच महिने वेढा चालला. बाहेरच्या जगाशी संबंध कशावर, तर वायरलेसवर. कुमक येतेय का, धान्य किती दिवस पुरेल, घोडे कापायला सुरुवात केली का, अनेक हिंदी शिपाई घोड्याचं मांस खायला तयार नाहीत, हे सगळं त्या सेटवरून जात होतं. गावाच्या आत खंदकाखंदकाला जोडणाऱ्या टेलिफोनच्या तारा, त्या तोफेच्या माऱ्याने रोज तुटणार आणि रोज कुणीतरी पोटावर सरपटत जाऊन जोडणार. आणि ही माणसं अर्ध्या पोटी होती हो, शेवटी शेवटी काही छटाक पिठावर. २९ एप्रिल १९१६ ला डिव्हिजन शरण गेली. त्याआधी तोफा फोडल्या आणि वायरलेसही फोडला. शत्रूच्या हाती लागू नये म्हणून. मी त्या क्षणाचा फार विचार करतो. पाच महिने ज्या यंत्राने तेरा हजार माणसांचा आवाज बाहेर नेला ते स्वतःच्या हाताने फोडायचं, आणि मग शांतता.

पुढे वाळवंटातून पायी चालवत नेलं आणि कैदेत हजारोंनी माणसं मेली. सातारा-रत्नागिरीची कितीतरी घरं त्यात गेली.

अपशिंगेकर

वाचून अंगावर काटा आला. मी साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरीचा, नोकरीनिमित्त पिंपरीत. आमच्या गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात गेले, गावात स्मारक आहे. लहानपणापासून त्या दगडाला फक्त हार घातला, ते कुठे गेले, कशाने गेले, कुणी सांगितलंच नाही. घरी तार यायची म्हणतात. ती तार कुणीतरी टिकटिक करून पाठवली असणार हे आज पहिल्यांदा डोक्यात आलं.

निनाद_कोथरूड

माहिती छान. पण मनापासून एक विचारतो, कुणाला दुखवायचं नाही. सिग्नल्स म्हणजे हेडक्वार्टरमध्ये मागे तंबूत बसून काम ना? पुढे लढणारे तर इन्फन्ट्रीचे. मग ताईंचे वडील म्हणतात ते एका अर्थी बरोबरच झालं की.

लाइनमन_धानोरी

नाही साहेब, बरोबर नाही. मीही लाइनमन, वडिलांच्या नंतरच्या पिढीतला. आता सांगतो ते नीट वाचा.

प्रत्येक इन्फन्ट्री पलटणीत त्यांचे स्वतःचे रेजिमेंटल सिग्नलर असतात, ते कंपन्यांपर्यंतचं बघतात. ब्रिगेड आणि त्याच्या वरचं सगळं कोअर ऑफ सिग्नल्स बघतं. म्हणजे ब्रिगेड हेडक्वार्टरपासून पलटणीपर्यंत तार कोण टाकणार, तर आम्ही. आणि पलटण कुठे असते? पुढे. मग तार कुठपर्यंत जाते?

केबल ड्रमवर येते. पाठीवर घेऊन किंवा गाडीवरून सोडत जायची. रस्ता आडवा आला तर वरून झाडाला बांधायची नाहीतर खाली गाडायची, कारण रणगाड्याच्या साखळीत एकदा केबल आली की अर्धा किलोमीटर ओढत नेतो. ठराविक अंतरावर टेस्ट पॉइंट आणि प्रत्येक लाइनला लेबल, कारण अंधारात दहा काळ्या केबल एकत्र असतात आणि आपली कुठली ते बोटांनी ओळखायचं असतं.

आता लाइन तुटली. रात्री दोन वाजता एक्सचेंजवाला ओरडतो, अमुक लाइन डेड. लाइन पार्टी निघते, कमीत कमी दोघं. एकाच्या हातात टेलिफोन आणि पक्कड, दुसऱ्याच्या हातात रायफल. दुसरा कशाला? तर शत्रूची गस्ती तुकडी मुद्दाम केबल कापून तिथेच दबा धरून बसते, त्यांना माहीत असतं की जोडायला माणूस येणारच. टॉर्च लावायचा नाही. केबल तळहातातून सरकवत चालायचं, हातमोजा घालून चालत नाही, कारण मोज्यातून बारीक चीर कळत नाही. केबलमध्ये तांब्याचे तंतू असतात करंटसाठी आणि पोलादाचे असतात ताकदीसाठी, ते पोलादाचे तंतू तुटले की सुईसारखे नखाखाली शिरतात. टेस्ट पॉइंटला फोन जोडायचा, हँडल फिरवायचं, आधी मागच्या एक्सचेंजला, मग पुढच्याला. मागचा बोलला आणि पुढचा बोलला नाही तर फॉल्ट पुढे. चला पुढे. परत टेस्ट. असं करत करत जिथे तुटलंय तिथपर्यंत.

ताई, तुमच्याकडच्या तुकड्यातली गाठ बघा. ती सरळ रीफ नॉट असणार. जोडीतल्या दोन वायरींच्या गाठी एकमेकींसमोर येऊ द्यायच्या नाहीत, एक पुढे एक मागे, नाहीतर टेप सैल झाला की शॉर्ट होतं. सोललेली टोकं गाठीच्या दोन्ही बाजूंना गुंडाळायची आणि मग टेप ओढून ओढून, पाणी शिरता कामा नये. दिवसा टेबलावर कुणीही करेल. हे पोटावर झोपून, चिखलात, डोळे मिटल्यासारख्या अंधारात करायचं आणि वर शेल (तोफगोळे) पडतायत, कारण ज्या माऱ्याने लाइन तुटली तो मारा थांबलेला नसतो. सगळे खंदकात शिरतात तेव्हा लाइनमन बाहेर निघतो. ही आमची ड्यूटी.

निनाद_कोथरूड

माफ करा काका. खरंच माहीत नव्हतं. ताई, तुमच्या वडिलांना माझाही नमस्कार सांगा.

निवृत्त_ऑपरेटर

धानोरीवाल्यांनी इतकं नीट लिहिलंय की मी वेगळं काय सांगू. फक्त ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय, वायरलेस असताना तार का.

वायरलेसवर बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. तुमचा माणूस ऐकतो तसा शत्रूही ऐकतो. शब्द नाही कळले, सायफर असलं, तरी दोन ठिकाणांहून दिशा घेऊन सेट कुठे आहे हे तो काढतो, आणि सेट जिथे तिथे हेडक्वार्टर, मग तोफा तिकडे. एखाद्या भागात अचानक सेट बडबडायला लागले तर तिथे काहीतरी शिजतंय हेही कळतं. म्हणून हल्ल्याच्या आधी रेडिओ सायलेन्स, सेट ऑन ठेवायचा पण तोंड उघडायचं नाही. त्या वेळी सगळा कारभार तारेवर चालतो.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण एकाहत्तरचंच घ्या. १४ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात गव्हर्नमेंट हाउसला दुपारी मोठी बैठक आहे हा निरोप आपल्या लोकांनी हवेतून पकडला. काही तासांत आपली मिग-२१ विमानं त्या इमारतीवर होती. गव्हर्नर मलिक यांनी तिथेच राजीनामा लिहिला आणि दोन दिवसांनी शरणागती झाली. एक निरोप, चुकीच्या माध्यमातून गेलेला. तोच जर तारेवरून गेला असता तर आपल्याला कळलाही नसता. आता विचार करा की त्याच दिवसांत तुमचे वडील आपल्या बाजूच्या तारा जोडत होते, म्हणजे आपले निरोप हवेत जाऊ नयेत याची काळजी घेत होते. त्यांना हे वाचून दाखवा ताई, जरा मोठ्याने.

वानवडीचा_जुना

बासष्टच्या चीन युद्धाबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हा विषय निघाला की मला अजूनही शांत बसवत नाही.

नामका चू नदीवर ७ ब्रिगेड होती, ब्रिगेडियर जॉन दळवी कमांडर. डोंगर असे की गाडी जात नाही, सगळं माणसांच्या पाठीवर नाहीतर विमानातून टाकलेलं, त्यातलं निम्मं दरीत. आता वायरलेस सेट म्हणजे फक्त सेट नाही. त्याच्या जड बॅटऱ्या, त्या चार्ज करायला चार्जिंग इंजिन, इंजिनाला पेट्रोल, हे सगळं वर चढवायचं. थंडीत बॅटरी तशीही लवकर बसते. २० ऑक्टोबर १९६२ च्या पहाटे चिनी तोफांनी मारा सुरू केला आणि पहिल्या काही मिनिटांतच टेलिफोनच्या लाइनी गेल्या. ४ डिव्हिजनच्या सिग्नल्सचे कमांडर लेफ्टनंट कर्नल के. के. तिवारी आदल्या दिवशी स्वतः पुढच्या पलटणीत गेले होते, ते तिथेच पकडले गेले. सिग्नलचे मेजर राम सिंग त्याच दिवशी स्क्वाड्रन लीडर विनोद सहगल यांच्याबरोबर हेलिकॉप्टरने त्सांगधरला पोचले, तोपर्यंत ती जागा चिनी सैन्याच्या ताब्यात गेली होती. दोघंही परत आले नाहीत. दळवी २२ तारखेला पकडले गेले.

लोक म्हणतात तेव्हा संपर्क तुटला. तुटतो तो आपोआप नाही तुटत, त्या तारेच्या टोकाला माणूस असतो.

दिघीची_लेक

मला काय लिहावं कळत नाहीये. रोज संध्याकाळी चहाच्या वेळी बाबांना एकेक प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवते. कुतचं ऐकून गप्प झाले. लाइनमन काकांचा प्रतिसाद मात्र दोनदा वाचायला लावला आणि म्हणाले, "हातमोज्याचं बरोबर लिहिलंय त्याने." आणि मग स्वतःहून सांगायला लागले. भाताच्या खाचरांतून केबल टाकली, गुडघाभर चिखल, पुढची ब्रिगेड इतक्या वेगाने सरकत होती की ड्रम संपायचे आणि मागचं गुंडाळून पुढे आणावं लागायचं. त्यांच्याबरोबर एक जोडीदार होता, तमिळ, दोघांना एकमेकांची भाषा धड येत नव्हती. एका रात्री जॉइंट मारून होत आला आणि जवळच शेल पडला. जोडीदार गेला. बाबांनी जॉइंट पूर्ण केला, टेस्ट केली, लाइन ओके कळवलं आणि मग त्याला उचललं. पुढे पलटण हलली तेव्हा ती लाइन गुंडाळताना त्यांनी तो वीतभर तुकडा कापून घेतला. अर्धी गाठ त्याच्या हातची आहे.

आईलाही हे माहीत नव्हतं.

लाइनमन_धानोरी

ताई, आता काही लिहवत नाही. सुभेदार साहेबांना कडक सॅल्यूट.

सिग्नलवाल्याची_बायको

दिघीची लेक, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. आम्हा बायकांना अर्धंच माहीत असतं हे खरं.

माझे मिस्टर १९९३ ला पुण्यातच पोस्टिंगला होते. ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, गणेश विसर्जनाची रात्र नुकतीच संपलेली, अजून गुलाल अंगावर होता आणि त्यांना बोलावणं आलं. आठवडाभर काही पत्ता नाही. परत आले तेव्हा अंगाला वास येत होता तो मी विसरणार नाही. एवढंच म्हणाले की तिथे सेट लावून बसलो होतो, गावं सपाट झाली होती आणि टेलिफोन कुठला, खांबच उभा नव्हता, तर माणसं रांगेत येऊन नातेवाइकांची नावं सांगायची, मुंबईला कळवा, सोलापूरला कळवा, आम्ही जिवंत आहोत. ते सगळं यांनी एका वहीत लिहून घेतलं होतं आणि त्यातलं बरंचसं पुढे पाठवता आलं. युद्धाशिवायही हे लोक हेच करतात. ती वही माझ्याकडे आहे.

मृण्मयी_औंध

इथे कुणीतरी बायकांबद्दल पण लिहा हो, म्हणून मीच लिहिते. मी एनसीसीत होते. मार्च २०१६ मध्ये आपल्या औंध मिलिटरी स्टेशनवर फोर्स १८ नावाचा सराव झाला, १८ देशांच्या तुकड्या आल्या होत्या. भारताच्या ४० जणांच्या तुकडीचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल सोफिया कुरेशी यांनी केलं, अशा बहुराष्ट्रीय सरावात आपल्या तुकडीची प्रमुख होणाऱ्या त्या पहिल्याच महिला, आणि त्या सिग्नल्सच्या. मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरची माहिती द्यायला टीव्हीवर आल्या तेव्हा सगळा देश त्यांना ओळखायला लागला, पण औंधकरांना त्या नऊ वर्षं आधीपासून माहीत आहेत. २०२० च्या आर्मी डे परेडला सगळ्या पुरुषांच्या तुकडीपुढे चालणाऱ्या कॅप्टन तानिया शेरगिल, त्याही सिग्नल्सच्याच. ताई, तुमच्या मुलीला नक्की सांगा.

निवृत्त_ऑपरेटर

मृण्मयी बेटा, छान आठवण केलीस. २६ जानेवारीला मोटरसायकलवर मनोरे करून जातात ना, ते डेअरडेव्हिल्सही आमचेच, जबलपूरचे, १९३५ पासूनचे. त्यामागेही काम आहे, नुसता खेळ नाही. डिस्पॅच रायडर म्हणजे डीआर, तार नाही आणि रेडिओ नाही तेव्हा कागद घेऊन मोटरसायकलवर सुटायचा, कुठल्याही रस्त्याने. मोटरसायकलवर हुकमत असणं ही त्याची गरज होती.

नवीन जमान्याचं थोडक्यात सांगतो. ऐंशी-नव्वदच्या दशकात एरेन नावाचं रेडिओ नेटवर्क आलं, मग ऑप्टिकल फायबर आलं, आणि सप्टेंबर २०२२ मध्ये सियाचेनवर १९,०६१ फुटांवर सॅटेलाइट इंटरनेट सुरू झालं तेही सिग्नलवाल्यांनीच केलं. याच सियाचेनवर आधी आमचे ऑपरेटर रात्री सेटची बॅटरी स्लीपिंग बॅगमध्ये पोटाशी घेऊन झोपायचे, सकाळी सेट उघडला की ती गरम असली पाहिजे. आज तिथला जवान घरी व्हिडिओ कॉल करतो. ऐकून बरं वाटतं.

हॅम_कर्वेनगर

मी हौशी रेडिओवाला. दर रविवारी जुन्या बाजारात चक्कर असते माझी, तिथे लष्कराच्या डिस्पोजलचं सामान येतं. माझ्याकडे मॅग्नेटो फील्ड टेलिफोनची एक जोडी पडून आहे, हँडल फिरवायचे, दोन्ही चालू. आणि शे-सव्वाशे मीटर केबल, दोन तुकड्यांत. ताई, पत्ता मेसेज करा, शनिवारी आणून देतो. पैशाचं नाव काढू नका. काकांच्या हातात ते असले पाहिजेत.

दिघीची_लेक

सगळ्यांना सांगायला आले.

हॅम_कर्वेनगर दादा शनिवारी सकाळी फोन आणि केबल घेऊन आले. बाबांनी एक फोन उचलला, उलटा केला, खालचं झाकण न बघता उघडलं आणि म्हणाले, सेल आणा दोन. मग ट्रंकेतून पक्कड काढली. केबलचे दोन तुकडे होते ते जोडायचे होते, दादा म्हणाले काका मी करतो, बाबांनी ऐकू न आल्यासारखं केलं. हात थोडे थरथरतात त्यांचे हल्ली. पण सोलणं, गाठ, एक पुढे एक मागे, टेप ओढणं, यात कुठेही हात थांबला नाही. मुलगी मांडीला मांडी लावून बसली होती. दुसरी गाठ त्यांनी तिला मारायला दिली.

एक फोन गच्चीवर नेला, केबल जिन्यातून सोडली, जिथे दार लागतं तिथे वरून बांधली. मुलगी गच्चीवर, बाबा खाली व्हरांड्यात. तिने हँडल फिरवलं आणि खाली घंटा वाजली. बाबांना घरातली बेल ऐकू येत नाही, मोबाइल ऐकू येत नाही. ही ऐकू आली. रिसीव्हर उचलून ते एकदम ताठ बसले आणि त्यांनी काहीतरी हिंदीत म्हटलं, मला नीट कळलं नाही. मुलगी धावत खाली आली आणि विचारते, आई, "लाइन ओके, टाइम नोट करो" म्हणजे काय?

मग दोघांनी टाइम नोट केला. १०:४२. तिच्या शाळेच्या वहीत आहे.

लाइनमन_धानोरी

वाचून डोळे भरले ताई. रविवारी मी आणि विश्रांतवाडीचे ऑपरेटर साहेब येतोय साहेबांना भेटायला, दुपारी चारला चालेल का?

एक काळजी घ्या, रात्री दोन्ही फोनमधले सेल काढून ठेवत जा, पावसाळ्यात गळतात आणि आतली पत्री खराब होते. आणि जिन्यातली केबल दाराच्या कडेला घासतेय का बघा. घासत असेल तर तिथे कपडा गुंडाळा.